संजीवनीचा डाव : आमच्या मुलांचे खेळ व ते शिकविणारे

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा इतिहास द्यावयाचा म्हणजे बहुधा इमारतींचा व धर्मगुरूंचा इतिहास दिला जातो. पायाचा दगड कोणत्या सालीं बसला, घंटा कोठून आली, कोणत्या फादरांनीं किती वर्षें सेवा केली, हें सर्व लिहून ठेवणें योग्यच आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामास आणखी एक इतिहास असतो व तो कोणत्याही नोंदवहींत सांपडत नाहीं. देवळासमोरच्या किंवा शाळेमागच्या मोकळ्या जागेंत सायंकाळीं जीं मुलें धांवतात, पडतात, भांडतात व पुन्हां हंसतात, त्यांचा तो इतिहास होय. त्या मुलांस खेळ कोणीं शिकविला, कसा शिकविला, आणि त्या शिकविण्यानें त्यांची खेळाची आवड वाढली कीं विझली, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. आमच्या मतें तो लहान नाहीं. बारा वर्षांचें मूल उपदेश ऐकून जितकें घडतें त्याहून अधिक तें मैदानावर घडतें, आणि तेथें त्याच्याशीं बोलणारा वडील मनुष्य म्हणजे त्याचा खेळ शिकविणारा.

आजकाल अशा माणसास कोच किंवा प्रशिक्षक म्हणतात. पूर्वीं वस्ताद म्हणत. नांव कोणतेंही असो, त्याचें यश ढालींच्या व प्याल्यांच्या संख्येवरून मोजण्याची रीत पडली आहे. आम्हांस वाटतें, दुसरें एक माप अधिक खरें आहे. ज्या मुलास आज नीट खेळतां आलें नाहीं, तें उद्यां आपण होऊन पुन्हां मैदानावर येतें काय? या एका मापानें आम्ही येथें मागील इतिहास पाहणार आहों.

पेण व रोहे हे तालुके ज्या जिल्ह्यांत आहेत त्यास १९८० अखेर कुलाबा म्हणत. १९८१ पासून तो रायगड झाला. पेणच्या बाजूस खाडीलगतचा खारेपाट, रोह्याच्या बाजूस कुंडलिकेचें खोरें, आणि दोहोंकडे भातशेती. पीक निघालें कीं शेतें मोकळीं होतात, जमीन टणक होते, आणि पुढील पावसाळ्यापर्यंत गांवच्या पोरांस क्रीडांगणाची वाण रहात नाहीं. या भूमीचा खास खेळ म्हणजे हुतूतू, ज्यास आतां सर्वत्र कबड्डी म्हणतात. त्यास चेंडू लागत नाहीं, फळी लागत नाहीं, बूटही लागत नाहींत. छातींत दम व पायांत चपळाई असली कीं झालें. म्हणूनच आगऱ्याचा, कोळ्याचा, कातकऱ्याचा व आम्हां ख्रिस्ती लोकांचा मुलगा एकाच रेघेवर उभे राहूं शकले. आम्ही या भागांत संख्येनें थोडे. आमचीं मुलें शेजाऱ्यांच्या मुलांबरोबरच खेळत आलीं आहेत, आणि परस्परांची ओळख जितकी या रेघेवर झाली तितकी अन्यत्र क्वचितच झाली असेल. आजही या जिल्ह्यांतील खेडोपाडीं कबड्डीचे संघ आहेत. कित्येकांनीं आपल्या ग्रामदेवतेचें नांव धारण केलें आहे, आणि उन्हाळ्यांत रात्रीं दिव्यांच्या झगमगाटांत त्यांचे सामने चालतात.

या खेळाचे पूर्वीं तीन प्रकार प्रचलित होते, आणि ते आमच्या विषयास इतके जुळतात कीं ते सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पहिला गामिनी. यांत जो गडी बाद झाला तो बाहेर बसला. त्याचा सगळा संघ बाद होऊन डाव संपेपर्यंत त्यास आंत येतां येत नसे. दुसरा अमर. यांत गडी बाद झाला तरी बाहेर जात नसे; समोरच्यांस गुण मिळे व खेळ तसाच चालू राही. तिसरा संजीवनी. यांत बाद झालेला गडी बाहेर जाई खरा, परंतु त्याच्या सोबत्यानें प्रतिपक्षाचा एक गडी टिपला कीं हा पुन्हां उठून आंत येई. आज जगभर जी कबड्डी खेळतात तिच्यांत हा संजीवनीचा नियमच राहिला आहे. तो कां टिकला असावा हें मुलांचा खेळ पाहणाऱ्यास सहज समजेल. गामिनींत जो प्रथम बाद होतो तो बहुधा सर्वांत दुबळा असतो, आणि ज्यास खेळण्याची गरज सर्वांत जास्त तोच सर्वांत अधिक वेळ बाहेर बसतो. अमर प्रकारांत चुकण्याची कांहींच झळ लागत नाहीं. संजीवनींत चूक ही चूकच ठरते, शिक्षा होते, पण परत येण्याचा रस्ता खुला असतो. आणि तो रस्ता आपला सोबती उघडून देतो.

पूर्वींच्या हुतूतूंत शिकविणारा असा वेगळा कोणी नव्हता. मोठीं मुलें खेळत, लहान बघत, आणि गडी कमी पडला कीं लहानग्यास हांक येई. गडी वांटून घेणें, भांडण तोडणें, दम तुटला कीं नाहीं तें ठरविणें, हें सर्व मुलेंच करीत. यांत अन्याय होत नसे असें नाहीं. दांडगा मुलगा आपलेंच खरें करी. परंतु खेळ मुलांचा होता. तेथें कोणी कोणास बळेंच आणीत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा खेळ नियमबद्ध होऊं लागला. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें १९२३ सालीं नियम प्रसिद्ध करून सामने भरविले. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं आपले देशी खेळ परदेशीयांस करून दाखविले. १९३८ सालीं मुंबई सरकारनें कांदिवलीस शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करण्याची संस्था काढली. १९५० सालीं अखिल भारतीय कबड्डी संघ स्थापन झाला. १९५२ सालीं पुरुषांचे व १९५५ सालीं स्त्रियांचे राष्ट्रीय सामने सुरू झाले. १९९० सालीं पेकिंगच्या आशियाई क्रीडामहोत्सवांत कबड्डीस स्थान मिळालें, आणि २०१० सालीं स्त्रियांच्या कबड्डीसही मिळालें. शेतांतील खेळ जगाच्या चव्हाट्यावर गेला याचा आम्हांस अभिमान आहे. नियम आल्यानें दांडग्याची सत्ता गेली, मापाचें मैदान आलें, पंच आला, आणि मुलींसही रीतसर जागा मिळाली. हे सर्व लाभ खरे.

मात्र नियमांबरोबर निवडही आली. संघांत १२ गडी आणि मैदानावर ७. उरलेले ५ काय करतात, हें ठरविण्याची सत्ता पूर्वीं कोणाकडेच नव्हती. ती आतां शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या एका वडील माणसाच्या हातीं गेली. खेळाचे नियम संजीवनीचे राहिले, पण ज्याच्या मनांत गामिनी आहे असा शिकविणारा भेटला तर लहान गडी वर्षभर बाहेर बसतो, आणि पुढील वर्षीं येतच नाहीं. तो गेला हें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं, कारण गेलेल्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

तेव्हां चांगला शिकविणारा कसा असावा? आमच्या तालमींची परंपरा याचें एक उत्तर देते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभट दादा देवधरांनीं मल्लखांबाचें पुनरुज्जीवन केलें, तेव्हांपासूनची वस्तादांची जी रीत महाराष्ट्रांत चालत आली तिचें मुख्य लक्षण हें कीं, वस्ताद स्वतः हौद्यांत उतरतो. तो पोराला पेंच सांगत नाहीं, अंगावर घेऊन दाखवितो. पडावें कसें हेंही तोच पाडून शिकवितो. कडकपणा त्यांत पुष्कळ असे, पण ती मातींत मिसळलेल्या माणसाची कडक नजर होती.

आम्हां कॅथलिकांस दुसरें उत्तर आमच्या एका संताच्या चरित्रांत सांपडतें. संत जॉन बॉस्को १८१५ सालीं इटलींत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं जन्मले. लहानपणीं त्यांनीं डोंबाऱ्याचे खेळ पाहून दोरीवर चालणें व कोलांट्या मारणें शिकून घेतलें, आणि ते करून दाखवून गांवच्या पोरांस ते प्रार्थनेस जमवीत. पुढें ते धर्मगुरु झाले. ८ डिसेंबर १८४१ रोजीं, अमलोद्भव मातेच्या सणाच्या दिवशीं, ट्यूरिन शहरांत ते मिस्सेची तयारी करीत असतां, तेथें शिरलेल्या बार्थलोम्यू गारेल्ली नांवाच्या एका अनाथ मुलास मिस्सेची सेवा करतां येत नाहीं म्हणून सॅक्रिस्टननें काठीनें मारून हांकून दिलें. डॉन बॉस्कोंनीं त्यास परत बोलावून आणविलें आणि त्याच्याशीं मित्राप्रमाणें बोलले. त्या एका परत आलेल्या मुलापासून त्यांच्या ओरेटरीचा, म्हणजे मुलांच्या प्रार्थनेच्या, शिक्षणाच्या व खेळाच्या घराचा आरंभ झाला. हुतूतूच्या भाषेंत बोलावयाचें तर तो संजीवनीचा पहिला गडी होय.

परंतु आमच्या विषयास याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढें ४२ वर्षांनीं घडली. १० मे १८८४ रोजीं रोमहून डॉन बॉस्कोंनीं आपल्या ट्यूरिनच्या घरास एक पत्र लिहिलें. त्यांत स्वप्नाच्या रूपानें त्यांनीं एकाच अंगणाचीं दोन चित्रें रंगविलीं आहेत. पहिल्यांत जुना काळ : मुलें धांवत आहेत, उड्या मारीत आहेत, आणि त्यांचे शिक्षक त्यांच्यांत मिसळून खेळत आहेत. दुसऱ्यांत नवा काळ : कित्येक मुलें खांबांस टेंकून कंटाळलेलीं उभीं, थोडीं खेळताहेत पण त्यांत जीव नाहीं, आणि शिक्षक बाजूस आपसांत बोलत उभे. इमारती वाढल्या होत्या, मुलांची संख्या वाढली होती, शिस्तही होती. एक गोष्ट मात्र कमी झाली होती. मुलांवर प्रेम असून भागत नाहीं, आपल्यावर प्रेम आहे हें मुलांस दिसलें पाहिजे, आणि तें दिसण्याची जागा म्हणजे खेळाचें अंगण, असा त्या पत्राचा मथितार्थ आहे. ज्या धर्मग्रामाची ज्युबिली होते, ज्याच्या इमारती वाढतात, त्यानें तें पत्र आपल्यास आलें आहे असें समजून वाचावें.

आतां कोणी म्हणेल, ही संतांची गोष्ट झाली. ज्यास खरोखर मोठे खेळाडू घडवावयाचे त्यास असें मऊ राहून चालेल काय? याचें उत्तर आमच्या कोंकणांतीलच एका गुरूच्या चरित्रांत आहे. रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२ सालीं मालवणचा. मुंबईंत शिवाजी पार्कवर त्यांनीं सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे आदि खेळाडू घडविले. १९९० सालीं त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० सालीं पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजीं ते निवर्तले. त्यांची शिस्त मऊ नव्हती. १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं आपला शेवटचा सामना संपल्यावर तेंडुलकरांनीं भर मैदानांत सांगितलें कीं, २९ वर्षांत सरांनीं आपणांस कधींही छान खेळलास असें म्हटलें नाहीं. शिष्य आत्मसंतुष्ट होईल अशी त्यांस भीति वाटे.

मग त्या मुलाची गोडी टिकली कशी? तेंडुलकरांच्याच आठवणींत याचेंही उत्तर आहे. हाच गुरु शिष्यास आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेई, म्हणजे त्यास एका दिवसांत दोन सामने खेळतां यावेत; आणि मन प्रसन्न झालें कीं त्यास भेळ किंवा पाणीपुरी खावयास नेई. आणखी एक गोष्ट प्रसिद्धच आहे. सरावाच्या अखेरीस मुलें दमलीं कीं आचरेकर मधल्या यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज तेंडुलकरास बाद करील त्याचें तें नाणें; कोणी बाद करूं शकला नाहीं तर तें तेंडुलकराचें. अशीं १३ नाणीं त्या शिष्यानें जिंकलीं व जपून ठेविलीं. रुपयाची किंमत ती काय! परंतु त्या नाण्यानें दमलेल्या मुलांचा सराव पुन्हां खेळ झाला, आणि त्यांत प्रत्येक गोलंदाजाचा डाव होता. शब्दांची स्तुति नसली तरी गुरूचें लक्ष होतें, वेळ होता, घाम होता. आणि मुलास तें सर्व दिसत होतें. आचरेकरांचें मौन तेवढें उचलून त्यांची स्कूटर व त्यांचें नाणें सोडून देणारे शिकविणारे पुष्कळ भेटतात. त्यांस आचरेकर कळले नाहींत असें आम्ही म्हणतों.

बक्षिसांविषयीं येथें एक इशारा दिला पाहिजे. १९७३ सालीं अमेरिकेंतील लेपर, ग्रीन व निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनीं चित्रें काढण्याची मूळचीच आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असें ज्यांस आधीं सांगितलें होतें, तीं मुलें पुढें आपण होऊन चित्रें कमी काढूं लागलीं. ज्यांस बक्षीस अकस्मात् मिळालें त्यांची आवड कमी झाली नाहीं. आवडीच्या कामाची मजुरी ठरली कीं आवड मजुरीच्या मागें जाते. आचरेकरांच्या नाण्यास ही बाधा झाली नाहीं, कारण तें मजुरीचें नाणें नव्हतें. तें आव्हान होतें. रोख रकमेच्या बक्षिसांची लयलूट करणाऱ्या आमच्या आजच्या सामन्यांनीं याचा विचार करावा.

याच सुमारास अमेरिकेंतील सिएटल शहरांत स्मिथ व स्मॉल या दोघां प्राध्यापकांनीं मुलांच्या बेसबॉल संघांचें निरीक्षण केलें. त्यांस असें आढळलें कीं, शिकविणारा मुलांस आवडणें न आवडणें हें संघ किती सामने जिंकला यावर फारसें अवलंबून नव्हतें. तें तो मुलांशीं कसा वागतो यावर होतें. आपण किती रागावतों व किती उत्तेजन देतों हें शिकविणाऱ्यांस स्वतःस नीट ठाऊक नसतें, मुलांस मात्र तें चांगलें ठाऊक असतें, असेंही त्यांस दिसून आलें. पुढें त्यांनीं कांहीं शिकविणाऱ्यांस थोड्या तासांचें शिक्षण दिलें : चांगला प्रयत्न झाला कीं लगेच शाबासकी द्या, चूक झाली कीं आधीं धीर द्या व मग सुधारणा सांगा, चुकीबद्दल शिक्षा करूं नका. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासांत, असें शिक्षण न मिळालेल्यांच्या संघांतील शेंकडा २६ मुलें पुढील हंगामांत खेळ सोडून गेलीं. शिक्षण मिळालेल्यांच्या संघांतील शेंकडा ५ गेलीं. अशा शिकवणीचा लाभ, ज्या मुलांस स्वतःविषयीं फारसा विश्वास नसतो, त्यांस सर्वांत अधिक होतो असेंही त्यांनीं दाखविलें. डॉन बॉस्को जें अंगणांत शिकले तेंच या प्राध्यापकांनीं आंकड्यांत मांडलें.

हें सर्व आमच्या दाराशीं आणून पाहूं. १९८६ सालीं रेल्वे रोह्यापर्यंत आली. धाटावास कारखाने उभे राहिले. पेणचा वडखळ रस्ता रात्रंदिवस वाहूं लागला. उद्योग वाढला हें चांगलेंच झालें, परंतु मोकळी जागा व मोकळी सायंकाळ या दोन्ही आटल्या. पूर्वीं मूल शेतांत आपण होऊन खेळे. आतां त्यास खेळावयाचें तर बहुधा कोणा मोठ्या माणसाच्या हाताखालींच खेळावें लागतें. म्हणजे शिकविणाऱ्याचा हात पूर्वींपेक्षां किती तरी अधिक मोलाचा झाला आहे. वाडीवरच्या मुलाचा दम कोणापेक्षां कमी नसतो, पण एकदां चारचौघांत हंसें झालें तर तो पुन्हां येत नाहीं, आणि त्यास बोलावण्यास कोणी वाडीवर जात नाहीं. मुलींचें तर विचारूंच नये. बारा-तेरा वर्षांची झाली कीं घरकाम, लांबचा रस्ता व लोकांचें बोलणें या तीन कारणांनीं ती मैदान सोडते; तिच्या आईस जाऊन भेटणारी, तिला सोबत करणारी एखादी शिक्षिका असली तरच ती टिकते.

कांहीं वडील माणसें म्हणतात, आम्ही छडी खाऊन शिकलों, आजचीं मुलें नाजुक आहेत. त्यांस आम्ही दोन गोष्टी नम्रपणें सांगूं. एक, बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमान्वयें मुलास शारीरिक शिक्षा करणें व मानसिक त्रास देणें यांस मनाई आहे. दुसरी कायद्याहून मोठी : छडी खाऊन जे शिकले ते सांगावयास उरले, छडी खाऊन जे निघून गेले ते सांगावयास आज आपल्यांत नाहींत.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत नवा मुलगा आला तर त्याच्या हातीं पहिल्या दिवशीं डोळ्यांची आखणी देत नाहींत. तो आधीं माती मळतो, सांचा भरतो. हात बसत जातो तसें पुढचें काम मिळतें. त्याची माती फाटली तर ती पुन्हां भिजवून मळतात, टाकून देत नाहींत. आमचे शेजारी मूर्तिकार मातीशीं जो धीर धरतात, तो आम्हीं मैदानावर मुलांशीं धरावयास नको काय?

धर्मसभेच्या दृष्टीनें खेळ क्षुद्र नाहीं. संत पौलानें करिंथच्या मंडळीस लिहितांना शर्यतीचाच दृष्टांत घेतला. २० मे १९४५ रोजीं, युरोपांतील युद्ध थांबून पुरते दोन आठवडे झाले नव्हते तोंच, बारावे पायस पोप महाराजांनीं खेळाडूंस उद्देशून भाषण केलें. २००० सालच्या महाज्युबिलींत दुसरे जॉन पॉल पोप महाराजांनीं २९ ऑक्टोबर रोजीं रोमच्या ऑलिंपिक मैदानावर खेळाडूंसाठीं मिस्सा अर्पण केली. जेथें पोप महाराज मैदानावर उतरले, तेथें आम्हीं खांबास टेंकून उभें रहावें हें बरें नव्हे.

म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तानें आमची विनंति एवढीच आहे. मुलांचा खेळ ज्याच्या हातीं द्यावयाचा तो मनुष्य निवडतांना तो किती चांगला खेळला तें खुशाल विचारा, पण मुलें त्याच्या भोंवतीं कशीं जमतात तें आधीं पहा. जो १२ पैकीं शेवटच्या ५ जणांस रोज कांहीं ना कांहीं खेळवितो, चुकलेल्याच्या खांद्यावर हात ठेवून मग बोलतो, न आलेल्या मुलाची घरीं जाऊन चौकशी करितो, त्यास मैदान द्या. आणि आपणही आठवड्यांतून एखादी सायंकाळ रेघेवर जाऊन उभे रहा. ढाली कपाटांत काळवंडतात. संजीवनीच्या डावांत उठून परत आलेलें मूल मात्र पुढें एक दिवस स्वतः दुसऱ्यास उठवितें, आणि ज्या प्रभूनें पडलेल्यांस हात देऊन उभें केलें त्याचें कार्य आमच्या या लहानशा मैदानावर चालू राहतें. तो प्रभु आमच्या मुलांस व त्यांस खेळ शिकविणाऱ्यांस आशीर्वाद देवो.